‘ओळखलंत का?’ असं विचारू नका

एक साधा हिशेब करा. तुम्ही आज पन्नाशीचे असाल, तर दहावीचा निकाल लागून पस्तीस वर्षं झाली. तेव्हा चाळिशीत असलेले तुमचे वर्गशिक्षक आज पंचाहत्तरीत आहेत. ज्या मुख्याध्यापकांची चाहूल लागली की व्हरांड्यातली पोरं भिंतीला चिकटायची, ते असलेच तर नव्वदीच्या घरात. आपल्या डोक्यात मात्र ते सगळे अजून त्याच वयाचे असतात. अंगात सफारी, काखेत हजेरीपट, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. म्हणून आपल्याला घाई वाटत नाही. ‘जाऊ कधीतरी’ म्हणत वर्षं जातात, आणि एके दिवशी सकाळी बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांचा फोटो येतो. खाली हात जोडलेल्या चिन्हांची रांग लागते. सरांमुळे आपण घडलो, असं जो तो लिहितो. हे सरांना कोणी सांगितलं होतं का, याबद्दल कोणी काही लिहीत नाही.

माझं सांगणं एवढंच आहे: तो फोटो येण्याआधी जा. हायस्कुलात शिकवलेले जे शिक्षक हयात आहेत, त्यांच्यातल्या एकाला तरी या वर्षात भेटा आणि त्यांनी तुम्हाला काय दिलं ते त्यांच्या तोंडावर, ठोस शब्दांत सांगा. ‘तुमच्यामुळे घडलो’ हे वाक्य त्यांनी निरोप समारंभापासून सेवानिवृत्तीच्या कार्यक्रमापर्यंत इतक्या वेळा ऐकलंय की ते एका कानातून येतं आणि दुसऱ्यातून जातं. काय घडलं, कशानं घडलं, ते सांगा.

आमच्या भूगोलाच्या बाईंचं उदाहरण देतो. जून लागला की त्या नववीच्या मुलांना शाळेच्या गच्चीवर डालड्याचा रिकामा डबा ठेवायला लावायच्या. रोज सकाळी प्रार्थनेआधी त्यात पट्टी बुडवायची, पाणी किती मिलिमीटर चढलं ते वहीत लिहायचं आणि डबा उपडा करून पुन्हा जागेवर ठेवायचा. सुट्टीच्या दिवशी ज्याची पाळी असेल त्यानं शिपाईमामांकडून गच्चीची किल्ली घ्यायची. कुणी घरी बसून अंदाजपंचे आकडा टाकला की बाईंना बरोबर कळायचं, कारण त्यांच्या स्वतःच्या घराच्या अंगणात दुसरा डबा असायचा. ‘काल रात्री माझ्याकडे बावीस आणि शाळेत सहा? ढग गल्ली बघून पडतात का रे?’ एवढंच म्हणायच्या. मारणं नाही, ओरडणं नाही. पोरगं पुन्हा खोटा आकडा लिहायचं नाही.

त्या वर्गातला एकजण आज द्राक्षबागायतदार आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर अवेळी पाऊस झाला की डाऊनी रोगाचं औषध आज मारायचं की उद्या, यावर हजारो रुपयांचं गणित असतं. तेव्हा तो आधी स्वतःची वही उघडतो. पाऊस मोजायची सवय त्यानं शाळा सुटल्यावरही सोडली नाही. त्याच्याकडे अशा वह्यांची चवड आहे. दोन वह्या घेऊन तो बाईंना दाखवायला गेला. बाईंनी चष्मा लावून पानं उलटली आणि पहिला प्रश्न केला, ‘डबा कशाचा वापरतोस?’

अशी भेट झाली पाहिजे. हार नाही, शाल नाही, पण आपण गच्चीवर काय पेरलं होतं ते बाईंना वहीत दिसलं.

शिक्षकाचा ठसा बहुतेक वेळा अशाच बारीकसारीक गोष्टींतून उमटतो, हे माझं अनुभवाचं मत. भाषणांतून क्वचित. रघुनाथ माशेलकर मोठे शास्त्रज्ञ, सीएसआयआरचे माजी महासंचालक, हळदीच्या अमेरिकी पेटंटविरुद्धच्या लढाईमुळे घरोघरी माहीत झालेले. जन्म गोव्यातल्या माशेलचा, १९४३ सालचा. वडील लवकर गेले, आईनं मुंबईत मिळेल ते काम करून मुलाला वाढवलं. गिरगावातल्या युनियन हायस्कुलात ते शिकले. तिथल्या भावे सरांची एक आठवण त्यांनी कितीतरी भाषणांत सांगितली आहे. सरांनी मुलांना उन्हात नेलं, बहिर्गोल भिंग धरलं, उन्हाचा ठिपका कागदावर स्थिर केला, कागद पेटला. आणि मग ते असं काहीसं म्हणाले की आपली शक्ती अशी एका जागी आणली तर जगात काहीही साधता येतं. आता हा प्रयोग कुठल्या शाळेत होत नाही? भिंगानं कागद जाळायचा उद्योग आपण प्रत्येकानं केलाय, काहींनी मुंग्यांवरही केलाय. पण तो कागद जळताना बोललेलं एक वाक्य त्या मुलाला जन्मभर पुरलं. आणि मला याहून महत्त्वाचं वाटतं ते असं, की त्या मुलानं मोठेपणी ते सरांच्या नावानिशी सांगितलं. म्हणून गिरगावच्या एका साध्या शाळेतले भावे सर आज महाराष्ट्रभर माहीत आहेत. तुमच्या गावच्या शाळेतही असे सर असतील. त्यांचं नाव घेणारा तुमच्याशिवाय कोण आहे?

आता प्रत्यक्ष भेटीचं बोलू. चांगल्या मनानं गेलेले लोकही इथं घोटाळा करतात.

दारात उभं राहून ‘ओळखलंत का सर?’ असं विचारू नका. हा आपला लाडका प्रश्न आहे आणि तो दुष्ट आहे. वर्षाला दीडशे नवी मुलं धरली तरी तीस वर्षांच्या नोकरीत चार-साडेचार हजार चेहरे समोरून गेले. त्यात तुमचे केस गेलेले, पोट आलेलं, तेव्हा नसलेली दाढी आता पांढरी झालेली. ऐंशीच्या माणसाची ही तोंडी परीक्षा, आणि तीही सुनेसमोर, नातवंडांसमोर. बिचारे सर ‘हो हो, चेहरा ओळखीचा आहे’ म्हणतात आणि मनातून शरमतात. उलटं करा. बूट काढता काढताच सगळं सांगून टाका: नाव, आडनाव, कोणत्या साली दहावी, तुकडी कोणती, वडील काय करायचे, गल्ली कोणती आणि एखादा पराक्रम. ‘सर, एक्क्याण्णवची दहावी ब, पोस्टमनचा मुलगा, प्रयोगशाळेतलं चंचुपात्र फोडलेला.’ शिक्षकांना नावापेक्षा उपद्व्याप लवकर आठवतात. बायकांनी माहेरचं नाव सांगावं. सासरचं आडनाव ऐकून बाई हजेरीपटाच्या सगळ्या पानांवर तुम्हाला शोधत बसतात आणि तुम्ही सापडत नाही.

आधी फोन करा. फोन बहुधा मुलगा किंवा सून उचलेल. त्यांनाच विचारा की तब्येत कशी आहे, ऐकू नीट येतं का, कोणती वेळ बरी. दुपारी चारनंतर जाणं उत्तम, तोवर झोप आणि चहा झालेला असतो. पेढ्यांचा बॉक्स घेण्याआधी साखरेची चौकशी करा. दोघं-तिघंच जा, सतराजण गेलात तर घरात खुर्च्या शोधण्यातच निम्मा वेळ जाईल. पाच सप्टेंबरचीच वाट पाहू नका. डॉ. राधाकृष्णन यांचा जन्मदिवस म्हणून १९६२ पासून आपण तो शिक्षक दिन मानतो, ते ठीकच आहे, पण त्या दिवशी सरांचा फोन सारखा वाजत असतो आणि सहा तारखेपासून पुन्हा वर्षभर शांत असतो. फेब्रुवारीतल्या एखाद्या रिकाम्या मंगळवारी जा.

गेल्यावर स्वतःची प्रगती थोडक्यात आटपा. मुलगा कॅनडात आहे, फ्लॅट बालेवाडीत घेतला, हे पाच मिनिटांत होऊ द्या. मग त्यांना बोलतं करा. तुम्ही सरांना शाळेबाहेर कधी ओळखलंच नव्हतं. ते मूळचे कुठले, या गावात कसे आले, पहिला पगार किती होता, घर कुणी दिलं, शाळेच्या पहिल्या दिवशी पोरांची भीती वाटली होती का, हे विचारा. बऱ्याच शिक्षकांना हे आजवर कुणी विचारलेलंच नसतं. परजिल्ह्यातून एक वळकटी घेऊन आलेला बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा गावातल्या एका खोलीत राहून, डबा लावून, संध्याकाळी शिष्यवृत्तीचे जादा तास फुकट घेत होता, हे चित्र तुमच्यासमोर पहिल्यांदा उभं राहील. शाळेत असताना तो तुम्हाला केवढा मोठा वाटत होता! खरं तर गावात आला तेव्हा तो तुमच्या आजच्या मुलाएवढा होता.

फोटो जरूर काढा, पण निघताना. आल्या आल्या मोबाइल काढलात की भेटीचं कामकाज होतं.

विदेशात असलेल्यांनाही हे सांगायला हवं. डिसेंबरात तीन आठवड्यांसाठी येता, त्यात दोन लग्नं, दातांचा डॉक्टर, बँकेची केवायसी आणि आईची तपासणी बसवता. त्यातच एक दुपार सरांसाठी काढा, किंवा निदान तिथून फोन करा. फक्त फोनवर म्हाताऱ्या माणसाला ऐकू कमी येतं, व्हिडिओ कॉलवर त्यांचं कपाळच दिसतं. म्हणून घरातल्या कुणाला तरी बरोबर बसवा. किंवा पत्र लिहा. ठळक अक्षरात, एक पान. पत्राचा एक फायदा असा की ते उशाखाली ठेवता येतं आणि शेजाऱ्यांना दाखवता येतं.

गेट-टुगेदर करणाऱ्या बॅचेसना माझं जरा कडक सांगणं आहे. आजकाल शाळा सुटून पंचवीस-तीस वर्षं झाली की मेळावा होतोच. मंगल कार्यालय, एकाच रंगाचे टी-शर्ट, मोठा फ्लेक्स. शिक्षकांना अकराला बोलावतात, कार्यक्रम साडेबाराला सुरू होतो. म्हातारी माणसं व्यासपीठावरच्या खुर्च्यांवर ओळीनं बसलेली. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह. मग प्रत्येक माजी विद्यार्थी उठून स्वतःचा हुद्दा सांगतो. घंटा वाजवून हजेरी घेतात, सर आडनावं पुकारतात आणि पन्नाशीची पोरं ‘हजर’ म्हणतात, तेवढा भाग सुरेख असतो. त्याच्या आगेमागे बरंच काही कापता येईल. श्रीफळाची त्यांच्या घरी आधीच रास आहे आणि स्मृतिचिन्हांवरची धूळ सुनेला पुसावी लागते. हुद्द्यांऐवजी एकेका विद्यार्थ्यानं दोनच मिनिटं उभं राहून समोरच्या एका शिक्षकाबद्दल एक घडलेली गोष्ट सांगावी, असा नियम करून बघा. आणि ज्यांना जिना चढून येता येत नाही अशा शिक्षकांकडे आदल्या दिवशी दोघांना पाठवा. मेळाव्याला न येऊ शकलेल्या शिक्षकाची आठवण बहुतेक वेळा ‘दिलगिरी कळवली आहे’ या तीन शब्दांत संपते.

आता एक अडचण. पु. ल. देशपांड्यांच्या ‘व्यक्ति आणि वल्ली’तल्या चितळे मास्तरांनी महाराष्ट्रावर मोठा उपकार केला आणि नकळत थोडा अपकारही केला. उपकार असा की मास्तरावर प्रेम कसं करावं ते आपल्याला कळलं. अपकार असा की तेव्हापासून आपण आपापल्या सरांना चितळे मास्तरांचाच सदरा घालतो. मेळाव्यातली भाषणं ऐका: सगळे सर गरीब, सगळे विनोदी, सगळे वरून फणसासारखे आणि आतून गोड. तुमचे सर तसे नसतील. ते अबोल असतील, चिडके असतील, तंबाखू खात असतील, पक्षाचं काम करत असतील, संस्थाचालकांशी कोर्टात भांडत असतील. त्यांचं गणित अचाट असेल आणि अक्षर भयाण. जसे होते तसेच आठवा. माणूस पुसून देव बसवला तर त्यानं शिकवलेलं काही हाती उरत नाही.

आणि सगळ्याच शिक्षकांबद्दल ऋण मानायला हवं, असंही मी म्हणणार नाही. छडीनं वळ उठवणारे होते. आडनाव ऐकून बाकाची जागा ठरवणारे होते. ‘तुला काय करायचंय शिकून, लग्नच व्हायचंय’ असं मुलीला भर वर्गात सांगणारे होते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं मारहाण आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी केली, पण आपल्यापैकी बहुतेकांची शाळा त्याआधीच झालेली. ज्यांनी दुखावलं त्यांच्याकडे जायची सक्ती कुणालाही नाही. ‘मारलं म्हणून घडलो’ असं म्हणायची एक पद्धत पडलीय. मला ती पटत नाही. मारलं तरी घडलो, असंही असू शकतं.

डॉ. आंबेडकरांच्या शालेय दिवसांत दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी आहेत. वर्गात वेगळं बसणं, पाण्यासाठी शिपायाची वाट बघणं, संस्कृत शिकायची इच्छा असून फारसी घ्यावी लागणं, हे सगळं त्यांच्या वाट्याला आलं आणि ते त्यांनी कधी लपवलं नाही, सौम्यही केलं नाही. त्याच काळात चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा हा मुलगा कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांच्या नजरेस पडला. केळुसकर विल्सन हायस्कुलात शिक्षक, भीमराव एल्फिन्स्टनचा विद्यार्थी. म्हणजे हजेरीपटाच्या हिशेबानं हे त्याचे सर नव्हतेच. पण त्यांनी चौकशी केली, वाचायला पुस्तकं दिली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाला तेव्हा सत्काराच्या सभेत स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्याच्या हातात ठेवलं. पुढं पैशाअभावी शिक्षण अडलं तेव्हा सयाजीराव महाराजांपर्यंत शब्द टाकला आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. जवळजवळ पन्नास वर्षांनी, १९५६ साली, बाबासाहेब ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ची प्रस्तावना लिहायला बसले तेव्हा त्यात दादा केळुसकर आणि ते पुस्तक आलं. राज्यघटना लिहून झालेली, प्रकृती ढासळलेली, दिवस थोडे उरलेले. तरी बक्षीस मिळालेल्या एका पुस्तकाचा उल्लेख राहिला नाही. अपमान विसरले नाहीत आणि उपकारही. आपल्याला यातलं एकही नीट जमत नाही, कारण आपण शाळेबद्दल एक तर गहिवरून बोलतो नाही तर कुरकुरत.

केळुसकरांमुळे आणखी एक गोष्ट ध्यानात येते. ‘माझे शिक्षक’ म्हटल्यावर आपण मराठी, गणित, इंग्रजी, विज्ञान एवढ्यांचीच यादी करतो. ज्यांच्या विषयाला बोर्डात मार्क नव्हते त्यांना कोणी बोलावत नाही. चित्रकलेच्या सरांनी एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवलं नसतं तर आज डिझाइनमध्ये असलेले कितीजण तिथं पोचले असते? पीटीच्या सरांनी तालुक्याच्या खो-खो स्पर्धेला नेताना स्वतःच्या खिशातून एसटीचं तिकीट काढलं होतं, ते त्यांना कुणी परत दिलं? ग्रंथालय सांभाळणाऱ्या बाईंनी कपाटाची किल्ली तुमच्या हातात दिली होती. हेडक्लार्कनी फी माफीच्या अर्जावर वडिलांचा अंगठा घ्यायला स्वतः घरी चक्कर मारली होती. ही माणसं निवृत्त झाली तेव्हा त्यांना निरोप मिळाला तोही एकत्रित, तिघांचा मिळून एक. यांच्याकडे आधी जा. इतर सरांकडे बाकीचे जातीलच.

साने गुरुजींचं अमळनेरच्या प्रताप हायस्कुलातलं शिक्षकपण १९२४ ते १९३० एवढंच, सहा वर्षांचं. आपल्याला वाटतं ते जन्मभर मास्तर होते. त्या सहा वर्षांतलं लोकांच्या तोंडी जे राहिलं ते बरंचसं वर्गाबाहेरचं: वसतिगृहातल्या मुलांची अंथरुणं आवरणं, कंदिलाच्या काचा पुसणं, रोज हातानं लिहून काढलेलं ‘छात्रालय’ दैनिक. नोकरीची वर्षं मोजून ठसा मोजता येत नाही. तुमच्याकडेही एखादे सर प्रसूतीच्या रजेवर गेलेल्या बाईंच्या जागी चार महिने आले असतील आणि तेवढ्यात अख्ख्या वर्गाला कवितेची गोडी लावून गेले असतील. त्यांचं नाव शाळेच्या फलकावर नसेल. शोधा.

शोधायचं कसं, हाही प्रश्न असतो. शाळेच्या कार्यालयात निवृत्तांचे जुने पत्ते असतात. क्लार्कला थोडा वेळ द्यावा लागतो. तालुक्याच्या गावी अजून एक चांगली जागा आहे. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. आता तो मोबाइलवरूनही होतो, पण जुनी मंडळी बँकेत जाऊन यादीवर सही करणंच पसंत करतात. त्या दिवसांत बँकेत गेलात तर बाकावर तुमचं अर्धं शिक्षकदालन बसलेलं दिसेल, आणि दोघांना बाकीच्या आठांचे पत्ते तोंडपाठ असतील. कुणाच्या अंगठ्याची रेघ झिजली म्हणून मशीन घेत नसेल, तर तिथं जरा थांबून मदतही करा.

तिशीतल्या वाचकांचे शिक्षक अजून नोकरीत आहेत, आणि त्यांची गोष्ट वेगळी आहे. २००१ नंतर राज्यात ‘कायम विनाअनुदानित’ म्हणून शाळांना मान्यता मिळत गेल्या. ‘कायम’ हा शब्द २००९ मध्ये निघाला, पण प्रत्यक्ष वीस टक्के अनुदान सुरू व्हायला २०१६ उजाडलं. तुम्हाला प्रमेय शिकवणारे सर त्या काळात बिनपगारी होते किंवा संस्था हातावर टेकवेल तेवढ्यावर होते. सकाळी दूध घालून, संध्याकाळी विम्याचे हप्ते गोळा करून मधल्या वेळात ते तुमच्यासमोर खडू घेऊन उभे राहायचे, आणि तुम्हाला पत्ताही लागू दिला नाही. शिवाय १ नोव्हेंबर २००५ पासून नेमणूक झालेल्यांना जुनी पेन्शन नाही. अशा सरांना भेटाल तेव्हा कीव दाखवू नका. त्यांना ती नको असते. पण माहिती असू द्या. बॅचनं पैसे जमवले असतील तर शाळेला कमान बांधून देण्याआधी विचार करा की कुठल्या शिक्षकाच्या घरी शस्त्रक्रिया अडलीय का. तो पैसा गुपचूप, दोघांनाच ठाऊक राहील असा द्या. पावतीचा फोटो ग्रुपवर टाकू नका.

काही शिक्षक गेलेले असतील. तरीही जा. त्यांच्या पत्नी किंवा पती असतील, मुलं असतील. शिक्षकाच्या मुलांना आपले वडील घरी दमून येणारे आणि वह्यांचा गठ्ठा पुढ्यात घेऊन बसणारे म्हणूनच ठाऊक असतात. वर्गात ते कसे होते हे त्यांनी पाहिलेलंच नसतं. तुम्ही पाहिलंय. तेवढं त्यांना सांगा. आमच्या गणिताच्या सरांना जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांची एक सवय होती: बरोबर आलेल्या उत्तरापुढेही ते लाल पेननं ‘कसं?’ असं लिहायचे आणि पुढच्या तासाला त्या मुलाला फळ्यापाशी बोलवायचे. त्यांच्या मुलीला मी हे सांगितलं. ती म्हणाली, ‘अहो, घरी भाजी आणली तरी हेच विचारायचे. आम्ही वैतागायचो.’ आणि हसत सुटली.

भेटून आलात की त्याच आठवड्यात एक पान लिहून ठेवा. लेखक असण्याची गरज नाही. शाळेचं नाव, साल, शिक्षकांचं नाव, विषय, आणि एक-दोन प्रसंग जसे घडले तसे. ‘ज्ञानाचा अथांग सागर’, ‘चंदनासारखे झिजले’ असली वाक्यं आली की खोडा. त्या जागी ते फळा कसा पुसायचे ते लिहा. एक प्रत शिक्षकांना द्या, एक शाळेत. मराठी माध्यमाच्या कितीतरी शाळांचे पट आटतायत, तुकड्या बंद होतायत; उद्या इमारत राहिली तरी या आठवणी कुठं राहतील सांगता येत नाही. पंचवीसजणांनी पंचवीस पानं दिली तर त्या शाळेचा असा इतिहास होतो, जो सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत कधीच छापला जात नाही, कारण तिथली निम्मी पानं जाहिरातींना आणि उरलेली अध्यक्षांच्या मनोगताला जातात.

शेवटी, घरात शाळेत जाणारं मूल असेल तर एक काम आत्ताच करण्यासारखं आहे. त्याच्या आजच्या शिक्षकांसाठी पस्तीस वर्षं थांबायचं कारण नाही. त्या बाईंना शिकवण्याखेरीज मतदार यादीचं काम असतं, सर्वेक्षणं असतात, ऑनलाइन माहिती भरायची असते, पोषण आहाराचा हिशेब असतो. आणि पालक भेटतात ते गुण का कापले हे विचारायला. मुलानं घरी येऊन वर्गातलं काही आपणहून सांगितलं असेल, एखादा प्रयोग, एखादी गोष्ट, तर पुढच्या पालकसभेत बाईंना ते सांगा, आणि मुलासमोर सांगा. गुणांचं बोलणं त्यानंतर करा. पाठीमागे रांग असेल, पण दोन वाक्यांना फार वेळ लागत नाही.